पाठीला पाठ

हेगमधल्या एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीत आठ जण चार-चारच्या दोन रांगा करून समोरासमोर उभे राहायचे. या रांगेनं एक सूर वाजवायचा, त्या रांगेनं पुढचा. पुन्हा हिनं, पुन्हा तिनं. चाळीस मिनिटं! तेही कानठळ्या बसतील असं. सुरावट एवढीशीच, पण दोन्हीकडचे सूर असे घट्ट बसायचे की मध्ये सुई शिरू नये. हे रचलं होतं रेइंडरनं. तो स्वतःही आठांतलाच, ट्रम्पेट वाजवणारा.

फेनाच्या बरोब्बर समोर खोवर्ट. दोघंही बास क्लॅरिनेटवाले. खोवर्ट पन्नाशीचा, लष्करी बँडातून आलेला, आणि त्याचे कान जवळजवळ गेलेले. हे फक्त फेनाला ठाऊक होतं. हिवाळ्यात त्याला ट्रामची घंटा ऐकू आली नाही, तेव्हा तिनंच कॉलर धरून मागे ओढलं होतं.

"कुणाला बोलू नकोस, पोरी," तो म्हणाला होता. "हे वाजवणं गेलं, तर मी नुसता म्हातारा उरतो."

तेव्हापासून तो तिचे खांदे बघून वाजवायचा. एकदाही चुकला नाही.

आणि आज रेइंडर कॉफी ढवळत म्हणाला, "शनिवारच्या कार्यक्रमात एकमेकांकडे पाठ करून वाजवायचं. काठी हलवून ताल देणारा संचालक आपण हाकलला, पण आता डोळ्यांनी एकमेकांना हाकतोय. तेही बंद. फक्त कान!"

इथं सगळं हात वर करून ठरायचं, अगदी बिस्किटं कुठली आणायची तेसुद्धा. सात हात वर गेले. त्यात खोवर्टचाही. फेनाचा तेवढा खाली.

"कारण सांग की," रेइंडर म्हणाला.

"तिला आमच्या तोंडांची सवय झालीय," ट्रॉम्बोनवाली हिके म्हणाली. "मला तर सुटल्यासारखं वाटतंय. चाळीस मिनिटं रेइंडरचं थोबाड नाही!"

सगळे खिदळले. खोवर्टही हसला, सगळ्यांचं हसून झाल्यावर. कारण काय सांगणार, कप्पाळ! तिनं हात वर केला.

पाठी वळल्या. थोडा वेळ जमलं. मग खोवर्टचा सूर धप्पकन तिच्या सुरावर पडला. त्याला जागा मिळावी म्हणून तिनं आपला सूर जरासा पुढे सरकवला आणि तो स्वतःच्याच रांगेतल्या तिघांच्या सुरांवर जाऊन आदळला.

"फेना, घसरतेयस," रेइंडर ओरडला.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"रागावू नकोस," रेइंडर म्हणाला, "पण शनिवारी तुझ्याशिवाय वाजवू. हिके तुझ्या जागेवर येऊन तुझे सूर वाजवेल. मत घेऊ या."

फेना गर्रकन वळली. खोवर्टनं रेइंडरचे ओठ वाचले होते, हे तिला स्पष्ट दिसलं. खरं काय ते तिच्या जिभेवर आलं होतं. तो बोलेल म्हणून ती थांबली. खोवर्टनं हात वर केला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

तिनं क्लॅरिनेट पेटीत भरला. बाहेर येऊन ती सायकलचं कुलूप काढत होती, तेव्हा आत वाजवायला सुरुवात झाली. जरा वेळानं सूर एकमेकांवर कोसळले.

"आता कोण चुकलं?" रेइंडरनं विचारलं.

"हिके!" खोवर्टचा आवाज आला, नको इतका मोठा.