चपळनाथ आणि मेलेल्यांची धावपळ

नाहूरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जागा संपली, तेव्हा लोक खिडक्यांच्या गजांना लटकले. समोर पांढरी चादर. चादरीवर शंभर वर्षांपूर्वीचा मुका सिनेमा : जाड्या हवालदाराचा पाय चुन्याच्या बादलीत अडकलाय, तरी तो धावतोय. मागे सात हवालदार, त्यांच्या मागे बकरी. सगळ्यांचे पाय शिवणयंत्राच्या सुईसारखे. मधूनच नव्याने जोडलेली पाटी येते.

पाटी : यातला एकही आज जिवंत नाही.

"मेलेले एवढे पळतात," चपळनाथ महाराज म्हणाले, "कारण प्रोजेक्टरला माझा अंगारा लागलाय. मग जिवंत माणूस का नाही पळणार रे महाराजा?"

हॉलमध्ये बहुतेक कोकणातलेच; आणि कोकणातल्या माणसाला देवापुढच्या गाऱ्हाण्याची सवय अशी, की 'महाराजा' कानावर पडलं की उत्तर आपोआप निघतं. हॉल गरजला, "व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज प्रेमाताईंचा. पॅरालिसिसने शेजारी खुर्चीत बसलेल्या त्यांच्या नवऱ्याचा, मधुकररावांचा, डावा पाय निकामी झाला होता. पहिले तीन महिने व्यायाम चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दोन संपले होते. आणि महाराजांच्या शब्दावर प्रेमाताईंनी कालच फिजिओथेरपिस्ट समीक्षाला, उद्यापासून येऊ नकोस, म्हणून सांगितलं होतं.

समीक्षा तरीही आली. रुग्णांची चाल मोबाइलवर टिपायची आणि वेग कमी करून तपासायची, हे तिचं रोजचं काम. आज तिने महाराजांचं आगमन टिपलं होतं. तिने मोबाइल प्रोजेक्टरला जोडला.

पाटी : महाराज स्वतः.

चपळनाथ बदकासारखे तुरुतुरु आले, आशीर्वाद देताना दोघांना चापट्या मारल्यासारखे दिसले आणि धपकन खुर्चीत आदळले. हॉल लोटपोट. वाकड्या झालेल्या तोंडाच्या उरलेल्या अर्ध्या भागाने मधुकरराव हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"ह्याला अंगारा कोणी लावला गं?" प्रेमाताईंनी विचारलं.

"कोणीच नाही, काकी. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे. सेकंदाला सोळाएक चित्रं टिपायची. दाखवताना चोवीस सरकवली की साधा चालणारा दीडपट पळतो. मी मोबाइलवर तेच केलं. आणि त्या हवालदाराला आपण हसतो ते तो पडतो नि परत उठतो म्हणून."

मोबाइलमध्येही आपलीच शक्ती उतरल्याचं सांगत महाराज दाराकडे सरकले आणि तिथे ठेवलेल्या अंगाऱ्याच्या पाण्याच्या बादलीत त्यांचा पाय अडकला. निघेना. तसेच खडखडत गेले.

समीक्षाने मधुकररावांना हात दिला. ते उभे राहिले. डावा पाय इंचभर पुढे सरकला.

हॉलने सवयीने तोंड उघडलं. प्रेमाताईंनी हात वर केला.

"थांबा. आदी इचार करा. मगे व्हय म्हणा."

पाटी : एक पाऊल. अठरा सेकंद. खऱ्या वेगात.