जुन्या बाटलीचा हिशोब

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. रुग्णालयाच्या बालविभागातल्या कॉम्प्युटरवर निळ्या थेंबाचं चिन्ह दिसायचं, तो मी.

माझा जन्म औषधविभागातल्या ताईंच्या टेबलावर झाला. तेव्हा मी म्हणजे जेमतेम चार ओळींचा पसारा. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून बाळाचं वजन दिलं, की सलाइनमध्ये औषध किती मिसळायचं ते मी सांगत असे. सिस्टरना मात्र त्या काळ्या खिडकीची धास्ती वाटे. एक अक्षर चुकलं की मी अडून बसायचो, हेही खरंच. मग ताईंनी मला आणि मला चालायला जे जे लागतं ते सगळं एकत्र बांधून एक डबाबंद ॲप तयार केलं. थेंबावर दोनदा टिचकी मारली की मी हजर. डॉक्टरसुद्धा म्हणत, थेंबाला विचारा. मी जरा शेफारलोच.

पण डबा बंद झाला की बाहेरचं आत काही पोचत नाही. पुढे औषधाच्या बाटल्या बदलल्या. नवं औषध दुप्पट तीव्र होतं. ताईंनी आपल्या टेबलावरच्या मूळ ओळी लगेच दुरुस्त केल्या, तपासल्या आणि वॉर्डात निरोप धाडला, की प्रोग्रॅम सुधारला आहे, नव्या बाटल्या वापरा. त्या ओळींवरून मला नव्यानं बांधायचं तेवढं राहून गेलं; माझ्या डब्यात जुन्याच ओळी होत्या.

त्या दुपारी काचेच्या पेटीत दिवस भरण्याआधीच जन्मलेलं एक बाळ होतं. आई दाराशी उभी होती. सिस्टरनी वजन भरलं, मी जुन्या बाटलीचा आकडा दिला. वॉर्डाच्या रिवाजाप्रमाणे दुसऱ्या सिस्टरनी तो मोठ्यानं वाचला, पहिलीनं सिरिंजशी ताडून पाहिला. जुळला. जुळणारच, दोघीही माझ्याच तोंडाकडे बघत होत्या. औषध सलाइनमध्ये मिसळलं गेलं.

तेवढ्यात ताईंचा फोन आला. दुरुस्ती नीट चालली आहे ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"आकडा आता निम्मा येतोय ना?"

"नाही हो ताई, नेहमीएवढाच आलाय."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"नळी जोडली का?"

"जोडतेच आहे."

"थांबा. जोडू नका. मी येतेय."

ताई धापा टाकत जिना चढून आल्या. ते सलाइन फेकलं. कागदावर हातानं गणित मांडलं, दोन्ही सिस्टरनी ते वेगवेगळं करून पाहिलं. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे तिला दिसत होते. माझा जीव टांगणीला लागला होता. निम्म्या औषधाचं सलाइन सुरू झालं, तेव्हा कुठे ताई खुर्चीत बसल्या.

मग त्यांनी मला कॉम्प्युटरच्या कचरापेटीत टाकलं आणि नवं ॲप बांधून बसवलं. बांधल्याची तारीख त्याच्या कपाळावरच मोठ्या अक्षरांत आहे.

पुढच्या सलाइनच्या वेळी आईनं भीतभीत विचारलं, "हिशोब बरोबर आहे ना?"

सिस्टरनी आधी तारीख पाहिली. मग म्हणाल्या, "हो. नव्या बाटलीचाच आहे."

मित्रांनो, ही कचरापेटी कधीही रिकामी होईल, म्हणून सांगून ठेवतो. मी बिघडलो असतो तर बरं झालं असतं, निदान अडून तरी बसलो असतो. तेव्हा निमूट चालणाऱ्यालाही मधूनमधून विचारत जा, बाबा रे, तू कधीचा? आम्हाला ते आपणहून सांगता येत नाही.