जॅझची परीक्षा

आमच्या वकीलसाहेबांसारखा हटवादी माणूस अख्ख्या धारवाडात नसेल. स्मृतीनं, आमच्या लेकीनं, बेंगळूरचा श्रीनिधी पसंत केला. मुलगा आपल्यातला, गुणी. पण पोट भरायचं ते जॅझ बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवून. हे म्हणाले, "ते संगीत आहे हे आधी मला पटवून दे म्हणावं. मग होकार." एकुलत्या एक लेकीचं लग्न असं टांगणीला!

रविवारी श्रीनिधी टेपरेकॉर्डर आणि सॅक्सोफोन घेऊन धारवाडजवळ रायापूरला आमच्या घरी आला. "काका, आधी सगळे मिळून ठरलेली चाल वाजवतात. मग त्याच चौकटीत प्रत्येकजण मनाचं वाजवतो, दर वेळी नवं. शेवटी परत चाल."

कॅसेट लागली. ह्यांच्या कपाळावर आठ्या. पण थोड्या वेळानं बोटं हलायला लागली, मग मांडीवर ठेका, आणि समेवर चक्क मान डोलली. मी मनात म्हटलं, जिंकलं बाई!

"आता तू वाजव," हे म्हणाले.

श्रीनिधीनं झकास वाजवलं. शेजारच्या पार्वतीअक्का लग्नाचा बँड समजून "यार मदुवी री, कुणाचं लग्न?" करत डोकावून गेल्या.

"पुन्हा वाजव."

त्यानं पुन्हा वाजवलं.

"हे तर मघाचंच! जागासुद्धा त्याच. दर वेळी नवं म्हणालास ना? हे पाठांतर आहे."

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. माझं डोकंच फिरलं. "अहो, तुम्हाला जावई हवाय का गवई?"

"विमला, तू गप्प बस."

"काका, तुमची भीती वाटली," श्रीनिधी म्हणाला. "म्हणून बसवून आणलं."

स्मृतीच्या डोळ्यांत पाणी. "मग आता चुकलास तरी चालेल, पण तुझं वाजव."

त्यानं डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिल्यापेक्षा वेगळं, जरा अडखळत, पण काय गोड! मग मध्येच कुठंतरी भरकटला आणि थांबला. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात ह्यांनी मांडीवर ठेका धरला, खणखणीत. "सोडू नकोस! ये, ये..."

पोरगं त्या ठेक्यावर चढलं, दोन गिरक्या घेतल्या आणि बरोबर समेवर येऊन पडलं.

"वा, जावईबापू!" हे ओरडले.

ओरडले आणि आपणच दचकले. वकिली जीभ ती, उलटायला किती वेळ? मी धावत साखरेचा डबा आणला आणि पहिली चिमूट ह्यांच्याच तोंडात कोंबली.