गुळातल्या चार गोळ्या

नाव हँक. थरोब्रेड जातीचा घोडा, वय तेरा, रंग तांबूस, पुढचा डावा पाय निकामी. माझ्याबद्दल माणसांचं बरंच बोलून झालं, आता जरा मी बोलतो. त्या रविवारी माझ्या पोटात काय होतं, हे ठाऊक असलेली माणसं तोंड उघडणार नाहीत.

जन्म केंटकीचा. शर्यतीसाठी वाढवला आणि शर्यतीत कायम मागून दुसरा आलो. मालकाने हात झटकले. न्यू जर्सीत पागा चालवणाऱ्या पॅटीने मला घेतलं, वर्षभर खपून उड्या शिकवल्या आणि २००३ साली पार्सिपनीच्या डॉक्टर सुमंत कर्णिकांना विकलं. त्यांच्या मुलीसाठी, अनयासाठी.

डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे शुभाताईंनी, पहिल्याच दिवशी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि गुळाचा खडा पुढे केला. पॅटी बघतच राहिली. मी मात्र त्या दिवसापासून त्यांचा गुलाम.

आणि खोटं का बोलू, पोरगी गुणाची होती. चौदा वर्षांची, दातांना तारा लावलेली. बर्फात येऊन स्वतः माझी लीद काढायची, खरारा करायची. पाठीवर बसली की माझा कान हलला तरी तिला कळायचं. अशी माणसं थोडी असतात.

डॉक्टर कर्णिक भूल देणारे डॉक्टर. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी नुसतं "डॉक्टर, गुडघा जरा..." म्हणायचा अवकाश, त्यांच्या खिशातून गोळी निघालीच. बाहेरच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे त्यांच्या घरात नामुष्की. अनयाचा ताप, शुभाताईंची पाठ, शेजारच्या बाळकाकांचं पित्त, सगळं घरच्या घरी. आणि मी काय, घरातलाच.

२००६चा सप्टेंबर आला. अनयाचं शाळेचं शेवटचं वर्ष. मोठ्या कॉलेजचा अर्ज एक नोव्हेंबरला जायचा होता आणि डॉक्टरांनी एकच ध्यास घेतला होता. "मार्क आपल्या सगळ्यांच्याच मुलांना असतात," ते म्हणायचे, "घोडा किती जणांकडे आहे?" म्हणजे मी त्या अर्जातला एक रकाना होतो. त्यात भरायला एक बक्षीस हवं होतं.

स्पर्धा शनिवार-रविवारची. शनिवारी सकाळी आखलेल्या चौकात शिस्तीत चालून दाखवायचं, दुपारी रानातून ओंडके, खंदक, पाणी ओलांडत धावायचं आणि रविवारी मैदानात रंगीत दांड्यांवरून उड्या. शनिवार संपला तेव्हा आम्ही दुसरे होतो. पण शेवटच्या खंदकापलीकडे माझा पाय घसरला होता. फार नाही. एक कळ गेली आणि मग ठणकत राहिलं.

मला फिरवता फिरवता अनया थांबली. "बाबा, समथिंग्ज राँग. लेफ्ट फ्रंट."

डॉक्टरांनी पाय चाचपला. "किंचित गरम आहे. सूज असेल."

"शुड आय टेल पॅटी?"

"पॅटी व्हेटला बोलावणार आणि व्हेट उद्याचं कॅन्सल करणार. उद्या मंडळाची सात घरं येतायत, श्रीखंड-पुरी घेऊन. मी आहे ना."

अनयाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. ती हळूच म्हणाली, "ओके."

पागेच्या औषधपेटीत घोड्यांच्या दुखणं दाबणाऱ्या गोळ्या होत्या. व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, विचारल्याशिवाय देऊ नयेत, असं झाकणावर ठळक लिहिलेलं. डॉक्टरांनी दोन संध्याकाळी कुटल्या, दोन सकाळी, आणि गुळात मळल्या. "अहो, कडू लागेल त्याला," शुभाताई म्हणाल्या. "गुळात नाही कळत," ते म्हणाले. मग शुभाताईंनी तो गोळा आपल्या हाताने मला भरवला. मी हातसुद्धा चाटून घेतला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

रविवारी सकाळी पाय एकदम मोकळा. पॅटीने पळवून पाहिलं, खूश झाली. मीही खूश. दुखलं असतं तर मीच उडी नाकारली असती. घोड्याला तेवढं कळतं. पण दुखतच नव्हतं, मग नाकारू काय?

सहावी दांडी. मी उडालो, उतरलो आणि डाव्या पायात काहीतरी तुटलं. वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज मी ऐकला. मंडळाच्या लोकांना हा खेळ कळत नव्हता. दांडी पडली नाही म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या जरा उशिराच थांबल्या.

व्हेट धावत आला. पाय बघून त्याने विचारलं, "याला काही दिलंय का तुम्ही?"

"नथिंग," डॉक्टर म्हणाले.

लगाम अनयाच्या हातात होता. ती जमिनीकडे बघत राहिली.

ऑक्टोबरात ती माझ्यापाशी उपड्या बादलीवर बसली आणि कॉलेजसाठी लिहिलेला निबंध मला वाचून दाखवला. पाय जखमी असूनही हँक थांबला नाही, माझ्यासाठी शेवटपर्यंत लढला, वेदना सोसून पुढे जायला त्याने मला शिकवलं. वाचताना रडलीसुद्धा. खरं वाटून रडली की खोटं म्हणून, देव जाणे. प्रवेश मिळाला. घरी पेढे वाटले म्हणे.

मला पॅटीच्या बहिणीच्या कुरणात आणून सोडलं. दीड वर्ष झालं इथे. मागच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत अनया मैत्रिणीला घेऊन आली होती. "दिस इज हिम. द वन आय रोट अबाउट." फोटो काढला. मैत्रिणीने पायाला हात लावताच मी अंग चोरलं, तर म्हणाली, "सो ब्रेव्ह."

कसला ब्रेव्ह! मला काही कळलंच नव्हतं.

आता ऐकतो की अनया पुढे वडिलांसारखी डॉक्टर होणार. होऊ दे. पण अनया, एक मागणं आहे. उद्या कुणी तुझ्यासमोर येईल आणि त्याला कुठे दुखतंय ते तुला कळेल. तेव्हा गप्प बसू नकोस. तुझ्या वडिलांवर मी राग धरला नाही, त्यांना माझ्यातलं काही कळतच नव्हतं. तुला कळत होतं, गं. माझा सगळा राग तुझ्यावर आहे.