भोंग्याचं तोंड

बायको गेल्याचं भट्टीवाल्याला सकाळी साडेदहाला कळलं, आणि कशाने गेली तेही त्याच घटकेला कळलं. ही दुसरी गोष्ट त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

जुन्या टायरांचे तुकडे भट्टीत कमी हवेत तापवले की त्यांचा गॅस होतो. त्या गॅसवर इंजिन चालतं, वीज होते. तो खाली भट्टी सांभाळायचा. ती वर माळ्यावर झाकण उघडून तुकडे ओतायची. "या टायरांनी मुलूख पालथा घातला," ती म्हणायची, "आणि आपण यांच्यापायी इथल्या इथं."

झाकणाची रबरी पट्टी झिजली होती. विषारी गॅस निसटायचा आणि माळ्यावरचा धोक्याचा भोंगा दिवसभर बोंबलायचा. नवी पट्टी आज आणतो, उद्या आणतो, असं मॅनेजरचं चाललेलं. "अहो, त्याचं तोंड बंद करा, डोकं उठलंय माझं," ती म्हणाली. त्याने ट्यूबचा तुकडा कापून भोंग्यावर घट्ट चढवला.

"आता बोल म्हणावं!" ती हसली. डोकं मात्र दुखतच राहिलं. चौथ्या दिवशी ती टायरांच्या ढिगाला टेकून बसलेली सापडली.

भट्टी बंद करून, दारं उघडून तिला खाली आणलं. डॉक्टर येईपर्यंत तो पुन्हा वर गेला, भोंग्यावरचा तुकडा ओढून काढला आणि ढिगात टाकला. पुढे तो तुकडा बाकीच्या तुकड्यांबरोबर भट्टीत गेला. त्याचीही थोडी वीज झाली असेल.

तपासणीवाल्यांनी भोंग्याचं बटण दाबलं. भोंगा खणखणीत वाजला.

"गॅस असता तर वाजला नसता का?" मॅनेजर म्हणाला. "बाईंचं हृदयच बंद पडलं."

भट्टीवाल्याने मान डोलावली. कागदावर तेच लिहिलं गेलं.

सासूबाई आल्या, त्याचा हात धरून बसल्या. "माझंच दुखणं तिला दिलं हो मी, जावईबापू. छाती माझी कमजोर, आणि गेली ती."

"तसं नाही, आई."

"मग कसं?"

"पाणी आणू?" म्हणत तो उठला.

आता सासूबाई धाकट्या मुलीला जिनासुद्धा चढू देत नाहीत. दर महिन्याला तिची छाती तपासून आणतात. तिला काहीही झालेलं नाही.

झाकणाची पट्टी त्याने भांडून बदलून घेतली. माळ्यावर दुसरी बाई आली. सासूबाईंना सांगायचं अजून राहिलं आहे.