लाल झाकण

नळी उलटी धरली असणार, असं बाईंनी भर मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं. आणि ती नळी तळ्याच्या तळातून ज्यानं काढली, तो त्यांचा सख्खा नवरा समोरच बसला होता.

दोघंही भूगर्भशास्त्रज्ञ. तो होडीतून गाळात लांब नळ्या ठोकायचा, बाई त्या प्रयोगशाळेत उभ्या चिरून परागकण मोजायच्या. हजारो वर्षांपूर्वी या तळ्याकाठी शिकारी माणसं राहायची आणि कधीतरी चुली सोडून निघून गेली. तळं आटलं म्हणून गेली, हे बाईंचं लाडकं मत. नेमके या नळीत गवताचे पराग खाली, म्हणजे जुन्या गाळात, आणि पाणवनस्पतींचे वर निघाले. म्हणजे तळं आटलं नव्हतं, वाढलं होतं. गाळाचं वय, म्हणजे कुठलं टोक जुनं हे, कळायला अजून महिना होता आणि भाषण परवावर आलं होतं. मग काय, खापर नवऱ्याच्या माथी.

"वरच्या टोकाला मी लाल झाकण लावतो," तो म्हणाला. "कायमच लावतो."

"त्या दिवशी वारा होता. चुकलं असेल."

दुपारी तो दुसऱ्या टेबलावर जाऊन जेवला.

आता चूक पुराव्यानिशीच पकडायची, म्हणून बाईंनी गाळ भिंगाखाली घेतला. पूर आला की जड वाळू आधी बसते, बारीक माती मागाहून सावकाश. पहिल्या थरात वाळू लाल झाकणापासून दूर, म्हणजे खालीच. दुसऱ्यातही तसंच. शेवटपर्यंत तसंच. नळी सुलटी होती.

बाईंना वाटलं, आता रडू येणार. पण हायसं वाटलं. इतकी वर्षं त्या बिचाऱ्या माणसांना तहानेनं तडफडताना बघत होत्या. ती तर पाणी चुलीपाशी आल्यावर पोराबाळांना काखोटीला मारून, कुरकुरत का होईना, चढावर गेली असणार.

दुसऱ्या दिवशी त्या आपलं ताट घेऊन नवऱ्याच्या टेबलापाशी गेल्या.

"झाकण बरोबर होतं. माझंच चुकलं."

"आरोप चारचौघांत केला होतास."

"उद्या भाषणाची सुरुवात या कबुलीनंच करते."

तो बाकावर थोडा सरकला. बाई बसल्या.

"मग गेली कुठे तुझी माणसं?"

"चढावर. तिथे खणावं लागेल."

"मी खणतो," तो म्हणाला, "झाकणं तू लाव."