फळीवरचा पाय

नासारियोनं इंजिन मंद केलं आणि अनवाणी तळवे फळीवर दाबून वाट पाहिली. फळी थरथरली नाही.

सान इग्नासिओच्या खाडीवर दाट धुकं होतं. अशा सकाळी देवमासे कानांनी शोधायचे. फुस्स झालं, की त्या अंगाला नाव वळवून थांबायचं. पाठलाग करायचा नाही. मादीला वाटलं तर तीच पिल्लाला घेऊन येते. पण पस्तीस हिवाळ्यांत इंजिनानं नासारियोचे कान खाल्ले होते. दोन वर्षं त्याची सून युरिडिया पुढे बसून ऐकायची आणि फळीवर पाय वाजवायची. एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे. देवमासे बघायला आलेल्या पाहुण्यांना वाटे, पोरीला नाचाची हौस आहे.

आज सहा पाहुण्यांबरोबर नावाड्यांच्या संस्थेचे चिटणीस होते. "सहज आलो," म्हणाले. सुकाणू कुणाकडे ठेवायचं हे ठरवायला ते दरवर्षी असेच सहज येत. ज्याचं सुकाणू जाई तो किनाऱ्यावर पाहुण्यांचे बूट धुवायचा. नासारियोचा मित्र एफ्रेन दोन हंगाम तेच करत होता, आणि त्याला सोबत हवी होती.

अचानक सगळ्यांच्या माना उजवीकडे वळल्या. नासारियोनं नाव वळवली तोवर शेपटी बुडाली होती. मग माना डावीकडे. पुन्हा उशीर.

"पोरी, झोपलीस का?"

"नाही बाबा, ऐकतेय," ती ओठ रुंद हलवत म्हणाली. लहान मुलांशी बोलतात तसं.

शेवटी मादी आपणहोऊनच नावेखालून वर आली, पिल्लासकट. सहाही पाहुणे तिच्या खरखरीत नाकावर हात फिरवू लागले. एक बाई रडली. सुटलो, असं नासारियोला वाटलं.

तेवढ्यात युरिडियानं वळून त्याला काहीतरी विचारलं. सगळे ओले, आनंदी चेहरे त्याच्याकडे फिरले. पाहुणे नेहमी विचारतात, ही मादी तुमच्या ओळखीची का? तेच असणार. नासारियोनं हसून मान हलवली. कमी पडायला नको म्हणून दोनदा. टाळ्या वाजल्या. चिटणिसांनी उठून त्याचा हात हातात घेतला.

किनाऱ्यावर मुलगा रोहेलियोनं बापाकडे न बघता नाव ओढून घेतली. एफ्रेन ब्रश टाकून आला आणि नासारियोच्या बऱ्या कानात ओरडला, "शाब्बास, गड्या. आपणहून सोडलंस."

"काय सोडलं?"

"सुकाणू. चिटणीस सांगत सुटलेत. सूनबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, 'बाबा, उद्यापासून रोहेलियो चालवेल ना?' आणि म्हातारा हसत हो म्हणाला. माझा तर ऊर भरून आला."

"अरे, मला ऐकू..."

दोन पावलांवर चिटणीस बुटातली वाळू झटकत होते. त्यांनी मान वर केली.

"काय म्हणालास?" एफ्रेननं विचारलं.

"काही नाही," नासारियो म्हणाला. "पोराचा हात चांगला आहे."